कुरतडलेली कडा

पाच मिलिमीटरच्या आतली गाठ सोडून द्यायची, असा आमच्या एमआरआय विभागाचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या रिवाजाने मी एका शिंप्याला मारलं. असं कोणी म्हणत नाही, मी म्हणते. त्याच्या गुदाशयाच्या कॅन्सरशेजारची गाठ, म्हणजे लसिकाग्रंथी, चारच मिलिमीटर होती. तिच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या, म्हणजे आत रोग शिरल्याची खूण. तरी मी 'गाठी स्वच्छ' लिहून मोकळी झाले. वर्षभरात रोग पसरला आणि तो गेला.

तेव्हापासून तो माझ्या खुर्चीमागे उभा असतो. बोलत नाही, नुसता खांद्यावरून पडद्याकडे बघतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, पण उपयोग शून्य.

मग एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा स्कॅन आला. नुकतंच लग्न झालेलं. रोग तोच, आणि शेजारी चार मिलिमीटरची एक गाठ. मी ती संशयास्पद लिहिली तर आधी ओटीपोटावर रेडिएशन, म्हणजे पोटी मूल होण्याची आशा संपली. स्वच्छ लिहिली तर थेट ऑपरेशन.

मी शेजारच्या टेबलावरच्या सरांना बोलावलं.

"गुळगुळीत आहे. सोड," ते म्हणाले.

"सर, ही कडा कुरतडलेली नाही?"

"तुला हल्ली सगळ्याच तशा दिसतात. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकशील?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. ते गेल्यावर मी पुन्हा पाहिलं. कडा गुळगुळीत होती. मानेजवळ कोणीतरी श्वास रोखून धरला. मग ती कुरतडलेली दिसली.

मी 'संशयास्पद' लिहिलं.

रेडिएशन झालं, ऑपरेशन झालं. काढलेल्या सगळ्या गाठी साफ निघाल्या. मी धावत त्या तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे गेले. "रेडिएशनने रोग गेला, की मुळात नव्हताच?"

"आता ते कसं कळणार?" तो म्हणाला.

महिन्याने ती मुलगी नवऱ्याला घेऊन भेटायला आली. माझे दोन्ही हात तिने धरून ठेवले.

"तुम्ही गाठ पकडलीत म्हणून मी वाचले. मूल होणार नाही याचं वाईट वाटतं हो, रोज वाटतं. पण दुसरा इलाजच नव्हता, असं मनाला समजावते. तुमची खात्री होती ना, डॉक्टर?"

"होती," मी म्हणाले.