घाटात भिरकावलेले हेल्मेट

मी एक जुने हेल्मेट आहे. म्हणजे होतो. आता एका वेल्डरच्या दुकानामागे भंगाराच्या पिंपात माझे तुकडे पडले आहेत. पण मित्रांनो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे माझे तोंड काही बंद होत नाही.

माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला. कारखान्यात माझ्या भावंडांना उंचावरून लोखंडावर आपटून पाहत. बाहेर टणक कवच आणि आत जाड थर्माकोल, अशी आमची घडण. घाव कवचावर बसतो, पण तो पोटात घेतो थर्माकोल, आणि तोही एकदाच. एकदा चिरडला की संपला. बाहेरून मात्र कोणाला पत्ताही लागत नाही.

मला याच वेल्डरने विकत घेतले. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मोटारसायकल एक, डोकी दोन आणि हेल्मेट मी एकटा. दुसरे घ्यायचे रोज ठरे आणि रोज राहून जाई. शेवटी त्यांनी नियमच केला, की चालवेल तो हेल्मेट घालेल आणि घाटमाथा आला की अदलाबदल. मला दोघांचाही घाम सारखाच आवडायचा.

त्या दिवशी ते पहाटेच डोंगराकडे निघाले. वारा नुसता थपडा मारत होता. पहिल्या घाटात वेल्डरने गाडी चढवली आणि माथ्यावर मी कंपाउंडरच्या डोक्यावर गेलो. समोर लांबलचक उतार होता. दोघे लहानपणी सायकलवर पैज लावायचे, पायडल न मारता कोण जास्त लांब जातो याची. कंपाउंडरला तेच आठवले आणि त्याने किल्लीच बंद केली.

गाडी सुसाट सुटली. ब्रेक तापून जळका वास येऊ लागला. वळणावर ट्रक आला, आणि किल्ली बंद म्हणून हॉर्नही मुका. ट्रकचा आरसा फाडकन माझ्या कवचाला घासून गेला. वेल्डरचा गुडघा कठड्यावर सोलून निघाला. गाडी कशीबशी खडीत रुतून थांबली.

आणि कंपाउंडर मला काढून हसत सुटला! "जिंकलो की नाही, लेका?"

वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जिंकलास? घरी माझी पोरं आहेत, गाढवा!" त्याने मला हिसकावले आणि सगळी ताकद लावून भिरकावले. दोस्ताच्या कानाजवळून जाऊन मी कातळावर आदळलो. आत काहीतरी करकरले. मग ते एकमेकांवर तुटून पडले. ठोसे, लाथा, शिव्या. एकाचे नाक फुटले, दुसऱ्याचा ओठ. दमले तेव्हा दोघेही रस्त्याकडेला बसून रक्त थुंकू लागले.

राग ओसरल्यावर वेल्डरला स्वतःचीच लाज वाटली. त्याने मला उचलले. आत हात घातला तर बोटांना पांढरा भुगा लागला. तो त्याने धूळ समजून झटकला. आता गाडी तो चालवणार होता, म्हणजे हेल्मेट त्याचे. पण त्याने मला दोस्ताच्या डोक्यावर चढवून पट्टा आवळला. "आज तूच घाल," एवढेच म्हणाला. मी आतल्या आत ओरडत होतो, की अरे, मी मेलोय!

पुढच्या घाटात वाऱ्याने कड्यावरचे दगड सुटले. नारळाएवढा दगड थेट माझ्यावर आला. धड असतो तर झेललाही असता. मी फुटलो आणि माझ्याच कवचाची धार कंपाउंडरच्या डाव्या डोळ्यात घुसली. उघड्या डोक्याच्या वेल्डरला साधा खडाही लागला नाही.

कंपाउंडर वाचला, डोळा गेला. त्याची बायको वेल्डरपुढे हात जोडून म्हणाली, "भावोजी, तुमचं हेल्मेट त्यांना दिलंत, म्हणून आज माझं घर उभं आहे." वेल्डरला रडूही येईना. डॉक्टरांनी मला हातात घेऊन त्याला एकट्याला विचारले होते, "या हेल्मेटला आधीच तडा होता का हो?"

कंपाउंडर बरा होऊन दुकानात आला तेव्हा वेल्डरने मला टेबलावर ठेवले आणि कातळावर आपटल्यानेच मी आधी आतून फुटलो होतो, हे सगळे सांगून टाकले.

कंपाउंडरने माझ्या तुटक्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "फेकलंस तेव्हा नेम कुठे होता?"

"तुझ्या डोक्यावरच."

कंपाउंडरने हातोडा उचलला. "धर ते. नीट धर."

वेल्डरने मला दोन्ही हातांनी धरले. एका डोळ्याला अंतर समजत नाही, मित्रांनो. पहिला घाव वेल्डरच्या बोटांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पण त्याने हात मागे घेतला नाही. दुसरा घाव माझ्यावर बसला. तिसऱ्याला कंपाउंडर रडत होता, तरी हातोडा चालूच होता. माझा पार भुगा झाला तेव्हाच तो थांबला, आणि मग त्यानेच वेल्डरची बोटे बांधली.

मित्रांनो, मार खाल्लेले हेल्मेट कितीही चकचकीत दिसो, ते कोणाच्या डोक्यावर चढवू नका. आणि राग आलाच, तर आधी हातातली वस्तू खाली ठेवा. ती कोणाला तरी वाचवायला बनलेली असते.