कळा कधी सुरू झाल्या

राहीबाईच्या मुलीचं, दीपालीचं, लग्न झालं त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, तिच्या भावाच्या, कैलासच्या घरी पाळणा हलायचा होता. जालन्याकडून आलेलं हे कुटुंब सालवडला चाळीत राहायचं. कैलास कारखान्यात कामाला होता. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी सून वर्षाराणीला कळा सुरू झाल्या, तेव्हा सासू राहीबाईने आधी दार लोटून घेतलं.

"कुणाला बोलू नको. जितक्या कानांवर जाईल, तितकं बाळंतपण लांबतं."

ही समजूत तिने गावाकडून आणलेली. कैलासच्या वेळी सगळ्या वस्तीला कळलं होतं आणि तिचे फार हाल झाले होते. सुनेचे तसे होऊ नयेत, एवढंच तिच्या मनात होतं. कैलासलाही काही न सांगता तिने रात्रपाळीला धाडलं.

संध्याकाळी नळावर शेजारच्या सुलूने टोकलंच, "मावशी, आज पानी तुमी भरता? सून रुसली काय?"

"कंबर धरलीय तिची," म्हणत राहीबाईने हंडा उचलला.

सोमवारी सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. रूपल नर्सने विचारलं, "कळा कधीपासून हायेत?"

"आत्ता, सकाळपासून."

वर्षाराणीने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग लागल वेळ. पहिलटकरीण हाय. चालवा तिला."

दुपार कलली तशा कळा वाढायच्या ऐवजी मंदावल्या. वर्षाराणीला झापड येऊ लागली. पोरीला जरा आराम पडला म्हणून राहीबाईला बरं वाटलं. रूपलने तपासलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

"पिशवीचं तोंड पुढे उघडत नाय. मावशी, सकाळपासूनच ना? त्यावरच आमचं सगळं ठरतं."

आता शब्द फिरवायचा कसा, असं राहीबाईला झालं. शेवटी वर्षाराणीच म्हणाली, "काल दुपारपासून."

"अख्खी रात्र गेली, आणि आता सांगता?" एवढं बोलून रूपल डॉक्टरांकडे धावली.

गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे ऑपरेशन झालं. वर्षाराणी वाचली. बाळाने श्वास घेतला, पण ते रडलं नाही.

"आई, मला तरी सांगायचं होतंस," कैलास म्हणाला. तो रागावला असता तर राहीबाईला सोसलं असतं. तो नुसता तिच्या शेजारी बसून राहिला.

मुलगी होती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी ती वारली.