पहिल्या चढाईचा नारळ

दयाराम ठाकूर हा मनुष्य ठमाबाईंनी, त्याला नाक पुसता येत नव्हते तेव्हापासून, पाहिलेला होता. त्यामुळे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तो कितीही फुगला, तरी त्यांच्या नजरेत त्याची उंची काही वाढली नाही. गावच्या कबड्डी मंडळाचा तो अध्यक्ष. दूर अमेरिकेत पोलिसांच्या हातून एका काळ्या माणसाचा जीव गेला, त्या वर्षी त्याने तोंडाला फडके बांधून नाक्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि माणूस सगळा एक आहे असे घसा बसेपर्यंत सांगितले होते. त्या प्रसंगाचा फोटो त्याच्या बैठकीत देवांच्याही वर टांगलेला असे.

आता त्याच नाक्यावर महिला कबड्डी स्पर्धेचा फ्लेक्स झळकत होता. वर दयारामचे परातीएवढे तोंड, खाली संघाच्या मुली, आणि मधोमध कप्तान नेत्रा, रंग उजळून पिठात घोळून काढल्यासारखी. तिच्या आईने, कल्पिताने, फ्लेक्सकडे पाहून विचारले होते, "ही मधली कोन गं?"

नेत्रा ही ठमाबाईंची नात. त्यांची लेक कल्पिता परिचारिका म्हणून केनियाला गेली, तिथे जोसेफ नावाच्या बोटीवरच्या इंजिनीअरशी तिने लग्न केले, आणि मुलगी चालू-बोलू लागल्यावर तिला घेऊन ती माहेरच्या गावी येऊन राहिली. जावई सुट्टीला येई. ठमाबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचे कालवण वाढून पारखले. तो नाक न मुरडता जेवला, दुसऱ्यांदा मागून जेवला, आणि त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला. गावाला मात्र तो संपवता आला नाही. शाळेत मुले नेत्राला 'आफ्रिका' म्हणून हाका मारीत. पुढे ती चढाईला जाऊन समोरच्या संघाचे अंगण रिकामे करू लागली, तेव्हा तेच लोक 'आपली नेत्रा' म्हणू लागले. ठमाबाईंना दोन्ही हाका सारख्याच कानाला टोचत.

स्पर्धेच्या सकाळी दयाराम ओटीवर येऊन बसला. फ्लेक्सच्या रागाने पाणीसुद्धा न विचारता ठमाबाई त्याच्यासमोर बसल्या.

"काकू, च्यानलवाले येनार हायत. प्रायोजक पन येतोय, पनवेलचा बिल्डर," तो म्हणाला. "तर उद्घाटनाचा नारळ जरा संघातल्या प्राप्तीच्या हातून फोडूया म्हनतो. कप्तान नेत्राच. त्यात बदल न्हाय."

"प्राप्ती का?"

"क्यामेऱ्यात चेहरा आपल्या गावचा वाटला पायजे ना."

"तुझा बाप आमच्या मिठागरावर राबला, आणि रंगानं तू त्याच्यावर गेलायस," ठमाबाई म्हणाल्या. "उन्हात उभा राहिलास तर नेत्राचा सख्खा मामा दिसशील. तू कुठल्या गावचा?"

दयारामने पुढाऱ्याचे हसू हसून घेतले. "मला काय न्हाय हो. मी समानतेचा मानूस. पन नेत्याला सगल्यांना बरोबर घेऊन जायला लागतं."

"जा की घेऊन. कुठं न्यायचंय ते तरी ठरलंय का?" त्या उठल्या. "मैदान माझ्या नावावर हाय, दया. दुपारच्या आत त्यात ट्रॅक्टर घालीन. मग फोड नारळ ढेकळावर."

"आजी, ट्रॅक्टर नको," उंबऱ्यावर गुडघ्याला पट्टी बांधत बसलेली नेत्रा म्हणाली.

दयाराम गेल्यावर ठमाबाई तिच्याकडे वळल्या. "का नको?"

"तू जागा अडवलीस की मी आजीच्या जागेमुळं कप्तान. मग जन्मभर तेच ऐकायचं."

"मग मी काय करू?"

"खुर्चीवर गप बस."

"ते मला जमत न्हाय."

"माहितीये. तरी बघ जमतंय का."

साऱ्या आयुष्यात ठमाबाईंना इतके अवघड काम कुणी सांगितले नव्हते. आपल्या नातीचा मान गावासमोर दुसरीच्या हातात जाणार आणि आपण काठी टेकून पाहत राहणार, या विचाराने दुपारचे जेवणही त्यांना गेले नाही.

त्या गावात कबड्डीची एक रीत होती. उद्घाटनाच्या सामन्यात नाणेफेक होत नसे. पाहुणे पहिली चढाई यजमानांना देत. आणि मध्यरेषेवर ज्याच्या हातून नारळ फुटेल, त्यानेच त्याच पावली ती चढाई करायची. जो मान घेतो, त्याने आधी आत जायचे, असा जुन्या लोकांचा रोखठोक हिशेब. म्हणून नारळ नेहमी कप्तानाकडे असे. दयारामने उभ्या हयातीत अध्यक्षपद सोडून कबड्डीतले काहीच खेळलेले नव्हते; रीत त्याने दरवर्षी पाहिली होती, पण ती कधी ध्यानात घेतली नव्हती.

संध्याकाळी मैदान भरले. समोरच्या अंगणात तळा गावचा पाहुणा संघ उभा राहिला. दयारामने माइकवर समतेचे भाषण केले, ते ठमाबाईंनी जांभई न लपवता ऐकले, आणि मग त्याने नारळ प्राप्तीच्या हातात ठेवला. प्राप्ती गोरीपान, संघाची डावी कोपरारक्षक. पकडीत तिचा हात सुटत नसे, पण चढाईला ती कधी गेली नव्हती. नेत्रा आपल्या जागी हात मागे बांधून उभी होती.

प्राप्तीने नारळाकडे पाहिले, मग दयारामकडे. "काका, मी फोडला तर पयली चढाई माझी. मला चढाई येत न्हाय."

"चढाई नेत्रा करंल."

"तसं चालत न्हाय," पंच रघू म्हणाला. शिट्टी त्याच्या ओठांतच होती. "ज्याचा नारळ त्याची चढाई."

"मग तुमीच फोडा, काका," प्राप्तीने नारळ त्याच्या हातात परत दिला. "ठरवलं तुमी, आत पन तुमीच जा."

तळ्याच्या मुलींनी लागलीच गुडघे वाकवून साखळी धरली. त्यांची कप्तान अदबीने म्हणाली, "या काका. हलूच पकडू."

मैदान हसू लागले. बिल्डर आपल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. कॅमेरावाला मात्र दोन पावले पुढे सरकला. नारळ पोटाशी धरलेला अध्यक्ष त्याला भाषणापेक्षा बरा वाटला असावा. ठमाबाईंनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आपण आता एक शब्द बोललो तर नातीने सांगितलेले मोडेल, हे त्यांना कळत होते.

"नेत्रा, ये बाळ," दयाराम शेवटी म्हणाला.

नेत्रा हलली नाही. "कशाला ते सांगा."

"नारळ फोडायला."

"कोण म्हणून?"

दयारामने आजूबाजूला पाहिले. मदतीला कुणी येईना. "कप्तान म्हनून," तो पुटपुटला.

"माइकवर."

त्याने माइक तोंडाशी नेला. "आपल्या संघाची कप्तान, कुमारी नेत्रा म्हात्रे..."

"म्हात्रे माझी आजी. मी ओटिएनो."

"ओटि... काय?"

इतकी वर्षे हा मनुष्य या मुलीच्या जोरावर चषक मिरवत होता आणि तिच्या बापाचे आडनाव त्याने एकदाही विचारले नव्हते. ठमाबाईंना त्याचा राग येईना. राग करण्याइतके त्याच्यात काही आहे असे त्यांना वाटेना. नेत्राने आडनाव सावकाश सांगितले. त्याने ते चुकवले. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेला ते कर्ण्यातून नीट बाहेर पडले, तेव्हा ती पुढे आली, नारळ घेतला आणि मध्यरेषेवरच्या दगडावर एका फटक्यात फोडला. फोटोसाठी तिच्या खांद्याशी येऊ पाहणाऱ्या दयारामवर रघूने शिट्टी फुंकली.

"रेषेभायर व्हा."

नेत्रा आत शिरली. तळ्याच्या मुली दबत दबत मागे सरल्या. तिने उजव्या कोपऱ्याला हूल दिली आणि डावीकडे झेप घेतली.

इतक्यात दयाराम ठमाबाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरचा घाम त्याने पुसलेला होता आणि जुने हसू पुन्हा चढवलेले होते. "बघितलंत काकू? आपल्या गावात कसं, सगले समान."

"बाजूला हो, दया," ठमाबाई काठीने त्याला सारत म्हणाल्या. "मला दिसत न्हाय."