चार पदरी दोर

गडमुडशिंगीत धोंडुबाईंच्या गोठ्यामागं गोबरगॅससाठी छातीभर खोल खड्डा खणून ठेवला होता. शनिवारी दुपारी त्यांची म्हैस, चंद्री, दावं तोडून निघाली आणि नेमकी त्यातच पडली. पाय शाबूत होते, पण चारी बाजूंना उभ्या भिंती. चढणार कुठून?

गल्लीतली आठ माणसं जमली. पोटाखालून दोर घालून ओढू लागली. दोर खड्ड्याच्या कडेत रुतला, सगळ्यांचे हात सोलले आणि चंद्री तिथल्या तिथंच. जेसीबी बोलवावा, तर बोळ जेमतेम मोटारसायकलपुरता.

तेवढ्यात धोंडुबाईंची सून अनुजा कोल्हापुरातून शाळा करून आली. ती हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. खड्ड्यात डोकावून म्हणाली, "आत्या, नुसतं ओढून जमायचं न्हाय. कप्प्या लावूया."

"शाळंतलं शाळंतच ऱ्हाऊ दे!" धोंडुबाई कावल्या. "हितं माझी म्हस मरायला लागल्या!"

खरं तर अनुजालाही धीर नव्हता. अकरा वर्षं ती फळ्यावर कप्पी काढत होती, पण कप्पीनं अर्ध्या किलोपेक्षा जास्त तिनं कधी उचललं नव्हतं. तरी ती शेजारच्या गणपतरावांकडं गेली. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात अवजड यंत्रं चढवण्या-उतरवण्यात गेली होती, आणि आता घरी बसून ते पार कंटाळले होते.

"अण्णा, दोन चाकांच्या दोन कप्प्या हायत का?"

म्हातारा ताडकन उठला. "हायत की! यंत्रं टांगायची उंच लोखंडी तिपाई बी हाय. चल!"

तिपाई खड्ड्यावर उभी राहिली. एक कप्पी वर टांगली, दुसरी खाली चंद्रीच्या पोटाखालून घेतलेल्या रुंद पट्ट्यांना अडकवली आणि एकच दोर दोन्हींतून चारदा वरखाली फिरवला. पट्ट्यांखाली गणपतरावांनी पोती घातली.

"पाचशे किलोची म्हैस चार पदरांवर वाटली जाणार," अनुजानं सांगितलं. "म्हणजे ओढायला सव्वाशे. चाकं घासतात म्हणून आणखी थोडं."

"चौघंजण बास," गणपतराव म्हणाले. "हिसका न्हाय द्यायचा."

सगळ्यांत आधी दोर धरला धोंडुबाईंनी. मागं अनुजा आणि दोन शेजारणी.

"व्हय गं, हलली की!" धोंडुबाई ओरडल्या. मग थोड्या वेळानं कुरकुरल्या, "हातभर दोर वडला, म्हस बोटभरच वर!"

"जोर कमी लागतो, म्हणून दोर जास्त ओढायचा, आत्या. चार हात ओढला की ती एक हात वर येणार."

"मग वडा की! दोराला काय तोटा हाय?"

सगळी हसली. गणपतराव ताल देत राहिले. चंद्री पाय लोंबकळत, डोळे वटारून काठाच्या वर आली. आठही माणसांनी झटपट खड्ड्यावर जाड फळ्या सरकवल्या. तिचे खूर टेकले, पट्टे सुटले, आणि ती उड्या मारतच गोठ्यात पळाली. धोंडुबाईंनी तिचे पाय चाचपले, मग तिच्याच मानेत तोंड घालून रडल्या.

सोमवारी गणपतराव कप्प्या घेऊन अनुजाच्या शाळेत गेले. आठवीच्या दोन मुलींनी त्यांना खुर्चीसकट वर उचललं.

"हळू, पोरींनो!" ते वरून ओरडत होते.

पाहुणी म्हणून आलेल्या धोंडुबाई टाळ्या पिटत उभ्या राहिल्या. "अजून वर घ्या गं, लई बडबडतोय त्यो!"