एका वाक्यामागे सत्तर सेकंद

भाषांतर म्हणजे दोन संस्कृतींना जोडणारा पूल आहे, असं व्यासपीठावरून सांगतात, आणि ते खरंच असणार, कारण सांगणाऱ्याचा आवाज भरून आलेला असतो. आमचे भाषांतरकार त्या पुलावरून गेली एकवीस वर्षं कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपुस्तकं वाहून नेत होते. मधूनमधून भांडी धुण्याची यंत्रं. एकदा शवागाराच्या शीतपेटीचं पुस्तक आलं होतं, पण त्यातही 'दार नीट लागल्याची खात्री करा' हेच होतं.

हे काम आता कोणी कागदावर करत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. ते अख्खं पुस्तक वाक्यावाक्यांत सुटं करतं. डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे रिकामी चौकट. माणूस त्या चौकटीत शिरला की सॉफ्टवेअर जुन्या भाषांतरांच्या साठ्यात शोधाशोध करतं आणि सांगतं, बाबा रे, असलंच वाक्य तू सहा वर्षांपूर्वी केलं होतंस, हे घे. माणूस ते घेतो, 'पाणी'चं 'कोमट पाणी' करतो आणि पुढच्या चौकटीत जातो. एकवीस वर्षांत त्याची एक सवय होऊन बसते. चौकटीत शिरल्यावर आधी विचार करायचा नाही, आधी थांबायचं. विचार काय, तयार होऊन येतोच.

भीतीला सुरुवात झाली ती एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला. वाक्य साधं होतं. ड्रममध्ये नाणी किंवा टाचण्या राहिल्या नाहीत ना, ते पाहा. भाषांतरकार चौकटीत शिरले, थांबले, आणि काहीच आलं नाही. डोकं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. 'टाचणी' हा शब्दसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने वाक्य आलं. ते पडद्यावरून आलं की डोक्यातून, हे त्यांना सांगता आलं नसतं. ती सीमारेषा कधीच पुसली गेली होती.

त्यानंतर रोजच असं होऊ लागलं. चौकट, थांबणं, पोकळी. मग उशिरा कधीतरी वाक्य.

पहिल्या तारखेला काम देणाऱ्या कंपनीतल्या बाईंचं पत्र आलं. कंपनीचं सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीत माणूस किती वेळ रेंगाळतो ते मोजतं. 'तुमचा सरासरी वेळ एका वाक्यामागे बावीस सेकंदांवरून सत्तर सेकंदांवर गेला आहे. सगळं ठीक आहे ना?' शेवटी एक पिवळा हसरा चेहरा होता. त्या चेहऱ्याने त्यांची झोप उडवली.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या तपासनिसाकडून एक फाइल परत आली. लाल खुणांनी भरलेली. 'पाणी पाणी सोडा.' 'झडप झडप फिरवा.' अशा एकतीस जागा. बाजूला शेरा : 'सर, घाई होतेय का?' सत्तर सेकंद घेणाऱ्या माणसाला घाई होतेय का असं विचारायची वेळ येते, तेव्हा प्रकरण साधं नसतं. त्यांना ते शब्द टाइप केल्याचं आठवत होतं. 'पाणी' टाइप केलं होतं, पडद्यावर पाहिलं तर नव्हतं. म्हणजे टाइप केलं असं नुसतं वाटलं असणार, म्हणून पुन्हा केलं. आणि आता एकतीस ठिकाणी लाल शाईत लिहिलेलं होतं की आधीही केलं होतं.

संगणकावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. तो दोन महिन्यांपूर्वी मुलीने आणून दिला होता, नवाकोरा. चार दिवस राहून तिने जुन्या संगणकातलं सगळं त्यात हलवलं आणि परत आपल्या गावी जाताना म्हणाली, "बाबा, तुमचं एकूण एक जुनं काम जोडून दिलंय. आता विमानासारखं पळेल." नवा संगणक आणि पंचावन्न वर्षांचा मेंदू, यांत रेंगाळतंय कोण, हे ठरवायला पंच नेमायची गरज नव्हती.

आणि शिवाय दादा होता.

दादा म्हणजे त्यांचा सात वर्षांनी मोठा सख्खा भाऊ. जमिनीची मोजणी करणारा. शेताच्या कडेने नुसता चालत गेला तरी क्षेत्रफळ सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. छप्पन्नाव्या वर्षी त्याने एकच भिंत दोनदा मोजली आणि अहवालात दोन भिंती दाखवल्या. कचेरीत दोन दिवस त्यावर हशा चालला. आता तो बासष्टचा होता, दिवसभर खिडकीशी बसायचा, आणि बायकोला 'बाई, तुमची ड्यूटी कधी संपते?' असं अदबीने विचारायचा.

रविवारी भाषांतरकार त्याच्याकडे गेले. वहिनी पलंगावर टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, दादाचं सुरुवातीला नेमकं कसं झालं होतं हो?" हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात त्यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? बसून राहायचे. काही विचारलं की लगेच उत्तर नाही. मिनिटभराने यायचं. बरोबर यायचं हं, पण उशिरा."

"मिनिटभर म्हणजे साधारण किती?"

"आता मी काय घड्याळ लावून बसले होते?"

"सत्तर सेकंद वगैरे?"

वहिनींच्या हातातली घडी तशीच राहिली. "भावजी, हे का विचारताय?"

"सहज."

"सहज कोणी सेकंद विचारतं का?"

खिडकीशी बसलेल्या दादाने मान वळवली. "मोजणी झाली का?"

"झाली रे दादा."

"परत करा," दादा साहेबी आवाजात म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

घरी येताना भाषांतरकारांनी रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात भाषांतरित केल्या. सगळ्या जमल्या. त्याने बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी एक लेख वाचला होता. त्यात म्हटलं होतं की दादाच्या आजारात काही तास रुग्ण अगदी ठणठणीत असतो. तेव्हापासून न्हाणीघरात ते शंभरातून सात वजा करत जायचे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. एकदाही चुकले नाहीत. म्हणजे तो ठणठणीत तास होता. शब्दकोडं ते चहा निवायच्या आत सोडवायचे, पण कोडी तर दादाही सोडवायचा. चुकलं तर आजार उघड, बरोबर आलं तर लपलेला. इतका चोख आजार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

घरात बोलायची सोय नव्हती. बायको पुढच्या खोलीत लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. तिच्या शिलाई मशीनवरून त्यांची खुर्ची सरळ दिसायची. पूर्वी ही गोष्ट त्यांना आवडायची.

बुधवारी दुपारी मशीनचा आवाज थांबला.

"अहो."

"हं."

"तीन हाका मारल्या मी. काय करताय?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"वाक्याची."

उत्तर तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांना कळलं, शहाणा माणूस असं उत्तर देत नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी. तिने हात छातीशी घट्ट धरले होते.

"वहिनींचा फोन आला होता. तुम्ही सेकंद विचारलेत म्हणे."

"वहिनींना ना, काहीही..."

"म्हणून मग काल मी मोजले. इथेच उभं राहून. तुम्ही पापणीसुद्धा हलवली नाहीत."

"किती आले?"

"चौसष्ट."

"म्हणजे सुधारणा आहे."

या विनोदाला कोणी हसलं नाही. खुद्द करणाराही नाही.

"उद्या अकराची वेळ घेतलीय मी दवाखान्यात," ती म्हणाली. "आणि नाही म्हणू नका. मला वहिनींसारखं जमणार नाही हो. त्या शांत आहेत. तुम्ही मला 'बाई' म्हणालात ना, तर मी..." पुढचं वाक्य तिला पूर्ण करता आलं नाही. त्यांनाही ते पूर्ण करून देता आलं नाही, आणि धंदा तर तोच होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीच्या असतील. खोलीत एक टेबल, एक संगणक आणि भिंतीवर मेंदूचा उभा छेद, कोबीचा असतो तसा. त्यांनी भाषांतरकारांच्या हातात पेन्सिल देऊन घड्याळ काढायला सांगितलं. ते त्यांनी नीट काढलं, काट्यांसकट.

"आता मी पाच शब्द सांगते, नंतर विचारीन. चमचा, नदी, खुर्ची, पिवळा, घोडा."

मग इकडचं तिकडचं विचारून झालं. तारीख विचारली. "सव्वीसला काम द्यायचंय, म्हणजे आज तेवीस," भाषांतरकार म्हणाले. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिणं त्यांना आवडलं नाही.

"बरं, ते पाच शब्द?"

"चमचा. नदी. खुर्ची किंवा आसन. पिवळा. घोडा किंवा अश्व."

"मी पाच दिले होते."

"पर्याय दिलेत. वाचक कोण आहे त्यावर ठरवा."

बायकोने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पुन्हा काहीतरी लिहिलं आणि संगणकाकडे वळल्या. "एवढं भरून घेते हं. आमचं हे नवीन सॉफ्टवेअर, एकेका नोंदीसाठी सगळे जुने रुग्ण धुंडाळून येतं."

त्यांनी टाइप केलं आणि थांबल्या. पडदा कोरा. त्यांनी पुन्हा टाइप केलं. कोराच. मग त्या नुसत्या बसून राहिल्या. नजर पडद्यावर, तोंड किंचित उघडं, पापणी हलत नाही. भाषांतरकारांचं सवयीने मोजणं सुरू झालं. तीस. चाळीस. पन्नासला त्यांना डॉक्टरांची दया आली. इतक्या लहान वयात! अठ्ठावन्नाव्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं सांडली : 'रुग्ण सहकार्य करतो रुग्ण सहकार्य करतो.'

"शी, परत डबल आलं," डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर," भाषांतरकार हलक्या आवाजात, शक्य तेवढ्या मायेने म्हणाले, "तुमच्या घरात कोणाला हा त्रास होता का?"

"कुठला त्रास?"

बायको एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे. शिलाईत कुठे टाका चुकलाय ते शोधताना बघायची, तशी.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्याकडेपण असंच होतं का? आपण लिहायचं आणि ते उशिरा उमटायचं?"

"माझ्याकडे उशिरा... म्हणजे मी..."

"तुम्ही राहू द्या. संगणक उशिरा करतो का?"

हा प्रश्न त्यांना दोन महिन्यांत पडला नव्हता. उत्तर द्यायच्या आत पडदा काळा झाला. डॉक्टरांनी एक बटण दाबलं, मग तेच जोरात दाबलं. "गेली सिस्टिम. निकाल आता सोमवारी."

"नुसतं तोंडी सांगा ना," बायको म्हणाली. "हो की नाही, एवढंच."

"तोंडी सांगायची परवानगी नाही आम्हाला."

घरी येऊन चपला काढायच्या आधी त्यांनी सॉफ्टवेअरच्या पोटातली यादी उघडली. या कामाला जुन्या भाषांतरांचे किती साठे जोडलेत, याची यादी. पूर्वी ते दोन-तीन जोडायचे. आता त्रेचाळीस होते. लेकीने प्रेमाने एकूण एक जोडला होता. एकवीस वर्षांत केलेलं प्रत्येक वाक्य, कोणी फुकट दिलेले तीन साठे, एका बंद पडलेल्या कंपनीचा अख्खा साठा. 'ड्रम' म्हटलं की बिचारं सॉफ्टवेअर त्रेचाळीस कोठारं झाडून यायचं, आणि तोवर टाइप केलेली अक्षरं दाराबाहेर ताटकळत उभी राहायची.

एवढं कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण सोमवार अजून चार दिवस लांब होता, आणि भाषांतरकारांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. संगणक सुस्त होता, हे सिद्ध झालं. आपण नव्हतो, हे कुठे सिद्ध झालं? दादाच्या भिंतीला तर कुठलंच सॉफ्टवेअर जोडलेलं नव्हतं.

त्यांनी एकेक खूण काढायला सुरुवात केली. त्रेचाळीसवरून एकवर आले आणि हात थबकला.

"एखादा राहू दे का? आधाराला?"

"एकही नको," बायको त्यांच्या पाठीशी उभी होती.

"नंतर काही आलंच नाही तर?"

"तर मला कळायला हवं ना."

त्यांनी शेवटची खूण काढली आणि पुढच्या चौकटीत शिरले. चौकट तत्क्षणी उघडली. डावीकडे मूळ वाक्य. उजवीकडे पांढरं. सुचवणी नाही. जुनं काही नाही, आसपासचं काही नाही. नुसता कर्सर उघडझाप करत होता. ते थांबले. कोण येणार होतं? आता यायला कोणीच शिल्लक नव्हतं, हे डोक्याला कळत होतं, तरी डोकं दाराकडे बघत बसलं होतं. पोकळी तीच होती. मंगळवारची. पाठीमागे बायको मोजत होती, हे त्यांना न बघता समजत होतं. दादा असाच बसायचा. बरोबर यायचं, पण उशिरा. आणि मग एक दिवस यायचंच बंद झालं.

बोटं हलली. पहिलं अक्षर पडलं आणि पडल्या क्षणी दिसलं. दुसरं दिसलं. शब्द एकदाच उमटला, मग दुसरा, मग तिसरा, मग पूर्णविराम. त्यांनी हात कळफलकावरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"चौदा," बायको म्हणाली आणि स्टुलावर बसली.

वाक्य होतं : 'झाकण बंद करा.'