तासभर हात लावायचा नाही

दोऱ्याचं टोक ओलं होतं, आणि ओल्या टोकाची दुसरी गाठ बसत नाही, घसरते... तिने ते टिपकागदावर टिपलं, गाठ आवळली, आणि उंदराच्या जठराची ती पट्टी, आगकाडीएवढी, काचेच्या नळीतल्या कोमट खारट पाण्यात सोडली. खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा यंत्राच्या पेनाला. पट्टी आकसली की पेन वर, सैलावली की खाली.

"ताई, गाठ मारताय की संसार बांधताय?" पलीकडच्या टेबलावरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने धाकट्या, हुद्द्याने थोरल्या.

"संसार सुटतो हो. ही नाही सुटत."

पहिला तास पट्टीला हात लावायचा नाही. प्रयोगशाळेत येईल त्याला ती अठरा वर्षं हेच सांगत आली होती — तोडून आणलेली आहे ती, आपली आपण ठिकाणावर येऊ दे. दर पंधरा मिनिटांनी पाणी बदलायचं, बाकी गप्प बसायचं.

तीन वाजून दहा. पाणी बदललं.

गप्प बसायचं... यंत्राशेजारी फोन, तोही गप्प. भिंगरी, तिची लेक, दुसऱ्या शहरात नोकरीला गेली त्याला दहा दिवस झाले, पहिल्याच दिवशी हिने सात फोन केले, आठवा थेट तिच्या साहेबाला — पोरीने खाल्लंय का तेवढं विचारा — आणि संध्याकाळी भिंगरीचा तो शांत आवाज, ओरडली असती तर परवडलं असतं: "आई, मला जरा राहू दे. तू करू नकोस. मी करेन."

मी करेन म्हणजे केव्हा? नऊ दिवस माझ्या पोटात गोळा आहे, घास उतरत नाही, डबा जसा येतो तसा घरी जातो.

तीन पंचवीस. पाणी.

मेंदू नाही, बाकीचा देह नाही, तरी पट्टीतले मज्जातंतू जिवंत असतात. विजेचा बारीक झटका दिला की बोलतात, आणि तेही न शिवता — तंतू स्नायूच्या शेजारून जातो, अंगावरच्या मण्यांसारख्या फुगवट्यांतून रसायन सोडतो, आणि मधली फट ओलांडून ते पोचतं. डोळ्यांना न दिसणारी फट. माझी फट बसने सात तासांची.

अंगठा लेकीच्या नंबरावर. तिने तो न दाबताच उचलला खरा — पण उचललेला हात काहीतरी दाबल्याशिवाय राहीना, आणि तिने झटक्याचं बटण दाबलं.

पेन ताडकन वर गेलं. मग वेडंवाकडं काहीतरी गिरगटत राहिलं.

डॉक्टरीणबाई उठून आल्या. कागद पाहिला, घड्याळ पाहिलं. "चाळीसच मिनिटं झालीत की. ताई, तुम्ही?"

"हो, मी."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर कान उपटले असते तुम्ही."

"दोन्ही."

"आता?"

"आता पुन्हा तास."

पाणी. पुन्हा पाणी. खिडकीतलं ऊन टेबलावरून स्टुलावर, स्टुलावरून फरशीवर. फोन तिने उपडा केला नाही, हातातही घेतला नाही. जसा होता तसा...

पाच वाजता तिने आकसायला सांगणाऱ्या तंतूंचा निरोप अडवणारं औषध नळीत टाकलं. आता ते बोलले तरी स्नायूला ऐकू जाणार नव्हतं. उरले दुसरे तंतू. बटण दाबलं. पेन खाली उतरू लागलं, सावकाश, कुणी जिना उतरावा तसं.

हे तिने हजारदा पाहिलं होतं, पुढे 'शिथिल' असं लिहून पान उलटलं होतं. घास घशातून उतरत असतो, अजून पोचलेला नसतो, आणि जठर आधीच सैल होतं. जागा करून ठेवतं. आपोआप नाही होत ते — मी समजत होते, आवळणं तेवढं निरोपाने होतं, सैल पडणं म्हणजे निरोप संपणं. तसं नाही. सैल हो, हेही कुणीतरी सांगावं लागतं. त्यालाही तंतू लागतात.

"काही हाती लागलं का?" डॉक्टरीणबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"उतरतंय."

फोन काळाच होता. आज नाही वाजणार कदाचित, उद्याही नाही... बरगड्यांखाली, नऊ दिवस मूठ होती तिथे, काहीतरी एकेक बोट उघडत होतं, आणि उघडलेल्या जागेत दुखत होतं, पण वेगळं. तिला एकदम डब्याची आठवण झाली. भूक असावी ही, तिला वाटलं — आणि ती पेनाकडे बघत राहिली, ते अजून खाली उतरत होतं.