मृणाली गाडीत का बसत नाही

मी एसटीत कंडक्टर. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, मागाहून तक्रार नको. चौलवरून आत आंबेपाड्याला जाणारी वस्तीची गाडी माझी आणि अंबाजी ड्रायव्हरची. संध्याकाळी जायचं, रात्री गावातच मुक्काम, सकाळी पहिली फेरी घेऊन परत. वाटेतल्या नाक्यावर जवळजवळ सगळी गाडी उतरते. पुढे उरायच्या दोघी: भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन सोनाबाई आणि चौलच्या कॉलेजात अकरावीला असलेली मृणाली.

मृणाली माझ्या शेजारी बसायची. मी तिला वेणी नीट घाल म्हणून ओरडायची, ती मला दप्तरातली चिंच द्यायची. असं आमचं बरं चाललं होतं.

एका सोमवारी ती चढलीच नाही. दुसऱ्या दिवशी घाटीच्या चढावर दिसली, भावाच्या जुन्या सायकलवर, घामाने निथळत. अंबाजीने हॉर्न दिला तरी तिने मान वर केली नाही.

"रुसली काय गो तुझ्यावर?" अंबाजी म्हणाला.

"रुसायला मी काय तिची जाऊ आहे?" असं म्हटलं खरं, पण मला लागलं. खोटं कशाला बोलू.

त्यातच डेपोत साहेबांनी बोलावून सांगितलं, नाक्यापुढे गाडी रिकामीच जाते. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून वस्ती नाक्यावरच करू. म्हणजे आंबेपाड्याची सकाळची गाडीही गेली. मग सोनाबाईची तोंडली बाजारात पोचणार कशी? रिक्षाने न्यायची तर भाड्यात तोंडली रिक्षावाल्यालाच देऊन यावं लागेल.

त्या संध्याकाळी चढावर मी घंटी मारून गाडी थांबवली आणि खाली उतरले. "काय गं महाराणी, आमची गाडी नावडती झाली का?"

तिचा चेहरा पडला. "तसं न्हाय मॅडम. आमच्या हर्षद सरांनी स्पर्धा लावलीय. जो कमीत कमी धूर करील तो पहिला. एसटीनं आलं तर गुण कापतात, सायकलला न्हाय कापत. मी पहिली हाय. पहिल्याला मुंबईच्या शिबिराला नेणार हायत. मी अजून मुंबई बघितली न्हाय."

आता या पोरीला काय बोलायचं? "जा बाई, सावकाश जा. उतारावर ब्रेक धर," एवढंच म्हटलं.

पण खिडकीत सोनाबाई होती. "गो, गाडी बंद व्हनार हाय आपली," ती म्हणाली. "मानसं बसत न्हाईत म्हनून."

मृणालीने गाडीकडे पाहिलं. रिकाम्या खिडक्या, चालू इंजिन, मागे काळा धूर. "म्हणजे मी बसले न्हाय तरी धूर तेवढाच," ती हळू म्हणाली. मग सायकल दाराशी आणली. आम्ही दोघींनी ती मागच्या सीटजवळ आडवी टाकली.

पुढचं ती माझ्यापुढे नाही, वर्गात जाऊन बोलली. आठवडा सरला नाही तो स्टँडवर आठ-दहा पोरं येऊन उभी, सगळी नाक्यापुढच्या वाड्यांतली. पुढे अल्पेश, ज्याची फटफटी आम्हाला रोज ओव्हरटेक करून तोंडावर धूर सोडायची. "मॅडम, ही म्हणते बाईक सोडायची तर वस्तीच्या गाडीत बसून सोडा. ऐकतच नाही." त्यांच्यामागे हर्षद सर. ते नाक्याला राहतात, त्यांनीही मोटारसायकल घरी ठेवलेली. मी त्यांना नाक्याचं तिकीट फाडून दिलं. बोलायचं खूप होतं.

पोरांच्या मागोमाग वाड्यांतली मोठी माणसंही बसायला लागली. गाडी राहिली. साहेबांनी वस्तीचा विषय पुन्हा काढला नाही.

स्पर्धेचे नियम मात्र सरांनी मधेच बदलले नाहीत, एसटीचे गुण कापलेच. कॉलेजशेजारी राहणारी अमिषा पहिली आली, तीच शिबिराला गेली. मृणाली चौथी.

निकालाच्या संध्याकाळी नाका गेला तरी गाडी भरलेलीच. मृणालीला जागा नव्हती, दांडा धरून उभी होती. डोळे रडून सुजलेले. मी उठले आणि तिला माझ्या सीटवर बसवलं.

"वेणी बघ कशी घातलीय," मी म्हटलं. तिने दप्तरातून चिंच काढून दिली. आंबेपाड्यापर्यंत मी उभीच गेले.